डिकीवरचं अक्षर

जुनी वस्तू नवी करताना तिच्यावरचं कुणाचं काय पुसलं जातंय, हे तुम्ही कधी पाहता का?

बाबांच्या माघारी मी त्यांची जुनी मोटार नाशिकच्या घरी, अंगणातच दुरुस्त करायला घेतली. मोर्चाचे फलक रंगवून उरलेल्या लाल रंगाने त्यांनी डिकीवर लिहिलं होतं, ‘चिमणीची गाडी’. चिमणी म्हणजे मी. पण मला गाडी कंपनीतून आल्यासारखी हवी होती. पॉलिश पेपरने मी सगळं घासून काढलं.

आई गाडीला कुंकू लावायला आली.

“अगं, यांचं अक्षर कुठंय?”

“ते ओरिजिनल नव्हतं, आई.”

“मग ओरिजिनल कोण? कंपनी?”

बाबांबरोबर कंपन्यांविरुद्धची पत्रकं वाटत मी मोठी झाले, आणि त्यांचं अक्षर मीच कंपनीसाठी पुसलं होतं.

तुम्ही घासायला बसाल, तेव्हा आधी घरच्यांना बोलवा.