मिस्त्रींचं बोट आणि हिरवं बटण

“ताई, नीट झाला म्हणून सांगितलं तुमी. कुठं झालाय नीट?”

नामदेव मिस्त्रींनी फोन काउंटरवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. मागच्या रविवारी ते झरीहून हाच फोन घेऊन आले होते. तक्रार एकच, टच चालत नाही. आज सोबत त्यांच्या मंडळीही होत्या, गयाबाई. त्या आल्या आल्या स्टुलावर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

परभणीत बस स्टँडच्या मागच्या बोळात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बाईमाणूस फोन उघडते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. आता फोन घेऊन येतात. काम परत आलं की मात्र माझं डोकं फिरतं. गिऱ्हाईक परत आलेलं चालतं, काम नाही.

मागच्या वेळी मी सगळं रीतसर केलं होतं. फोन रिस्टार्ट केला. वरची संरक्षक काच, म्हणजे स्क्रीन गार्ड, कडेने उचललेली होती, ती बदलली. मग टच टेस्ट केली. सेटिंगमध्ये एक सोय असते. ती चालू केली की बोट जिथून जाईल तिथे स्क्रीनवर रेघ उमटते. जिथे रेघ तुटते तिथला टच मेलेला. जमीन सारवावी तशी मी ती स्क्रीन बोटाने सारवून काढली होती. एकही रेघ तुटली नव्हती.

आताही मी तेच करून दाखवलं. “बघा मामा. चालतोय की.”

“तुमच्यापशी चालतोय वो. आमच्यापशी न्हाई चालत.”

हे वाक्य आम्हा रिपेअरवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेलं. फोनलाही बहुतेक सासर-माहेर असतं. दुकानात शहाण्यासारखा वागतो आणि घरी गेला की रुसतो. मी म्हटलं, “असं असेल तर पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल. स्क्रीन आणि टच एकत्रच येतात. या मॉडेलचा माझ्याकडे नाही. नांदेडहून मागवावा लागेल. चार दिवस लागतील.”

मिस्त्री ताडकन उभे राहिले. “चार दिवस? आजच पायजे. आज आईतवार हाय.”

“आज काय विशेष?”

मिस्त्री रस्त्याकडे बघू लागले. उत्तर गयाबाईंनी दिलं. “आज पोरीचा फोन येतो. दुपार झाल्यावर.”

मग त्यांनीच सगळं सांगितलं. त्यांची एकुलती एक वर्षा. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि हैदराबादला गेली. मिस्त्रींनी बोलणं टाकलं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून बायकोला शपथ घातली, पोरीशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. आमच्याकडे घातलेली शपथ घालणाऱ्यानेच सोडवायची असते. त्याने ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही.

तिकडे वर्षाला मुलगा झाला. मग पार्सलने हा फोन आला, सिमकार्ड घालून. नंबर फक्त तिच्याकडे. रिचार्जही तीच तिथून मारते. दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. पहिले कित्येक महिने फोन पेटीत कपड्यांखाली वाजायचा आणि मिस्त्री ओट्यावर बसून तो बंद होईपर्यंत ऐकायचे.

“तवा उचलायचा न्हवता,” मिस्त्री रस्त्याकडे बघतच म्हणाले. “आता उचलायचाय, तर उचलंना.”

“म्हणजे नेमकं काय होतं?”

“काय व्हायचंय? वाजतो. तिचा फोटू येतो, कडंवर लेकरू घेतलेला. त्या हिरव्या बटनावर बोट ठिवून वर सारतो. काईच हुत न्हाई. वाजून वाजून जातो. मी नुसता बघत बसतो.”

मी गयाबाईंना म्हटलं, “मामी, मग तुम्ही उचलायचा.”

“मला शपथ हाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सुटली म्हणा म्हनलं, तर म्हणत न्हाईत. म्या बी म्हनलं, बसा मग. तुमी घातली, आता तुमीच उचला.”

“शेजारच्या कुणाला तरी...”

“गावाला तमाशा दावू का?” मिस्त्री खेकसले.

“बरं, मी आत्ता तिला लावून देते. बोला.”

“न्हाई. कोणत्या तोंडानं लावू? तिनं लावला तर उचलीन.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “रिचार्ज संपायलाय. मेसेज आलाय म्हणं. किराणावाल्यानं वाचून दावला. एकडाव बी उचलला न्हाई म्हनल्यावर ती तरी का म्हणून मारील पुन्हा? तिची बी जिद्द हाय. माझीच पोरगी हाय.”

माझे वडील पूर्णा जंक्शनला राहतात. रेल्वेत होते. फोनवर त्यांची दोन वाक्यं असतात, ‘बरी हाईस ना’ आणि ‘ठिवतो’. पण त्या दोन वाक्यांवाचून मला करमत नाही. ती वर्षा दोन वर्षं या दोन वाक्यांसाठी आसुसलेली होती आणि तरी फोन लावत होती. मला तिच्याबद्दल फार माया वाटली. मी म्हटलं, “बसा मामा. उघडून बघते.”

फोन हीटिंग प्लेटवर ठेवला, म्हणजे गोंद मऊ होतो. स्क्रीन अलगद सोडवली. टचची एक पातळ पट्टी असते, तिला आम्ही रिबन म्हणतो. ती आतल्या मेन बोर्डला जोडलेली असते. तिथे धूळ किंवा ओल गेली की टच कधी चालतो, कधी चालत नाही. मिस्त्रीकाम म्हणजे धूळ आलीच. मला वाटलं, सापडलं. जोड साफ केला, रिबन परत बसवली, फोन चालू केला. माझ्या बोटाने रेघा मारल्या. झकास.

“घ्या. आता तुम्हीच बघा.”

मिस्त्रींनी तर्जनी ठेवून वर सारली. रेघ नाही. त्यांनी जोर लावला. एक ठिपका आला आणि गेला. आणखी जोर लावला.

“मामा, काच फुटेल!”

मी फोन ओढून घेतला, माझं बोट फिरवलं. रेघ. परत त्यांना दिला. काही नाही. आजवर टच टेस्ट म्हणजे मेकॅनिकचं बोट, हाच आमचा रिवाज. ज्याचा फोन त्याचं बोट आम्ही कधी लावूनच बघत नाही.

गयाबाई स्टुलावरून म्हणाल्या, “रेशनच्या मशीनवर बी ह्यांचा अंगठा उठत न्हाई. डोळा लावून धान्य आणावं लागतं.”

“मामा, हात दाखवा.”

त्यांनी तळहात काउंटरवर पालथा टाकला, मग उलटा केला. सगळी हयात वाळू-सिमेंटात गेलेला हात. बोटांची टोकं करडी, गुळगुळीत, पायाच्या टाचेसारखी टणक झालेली. रेषा म्हणून उरली नव्हती.

टचला दाब कळत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. काचेखाली अगदी बारीक वीज खेळत असते. आपल्या कातडीत ओल असते. ती ओल त्या विजेला किंचित ओढते आणि त्यावरून फोनला कळतं की बोट आलं. मिस्त्रींच्या बोटाच्या टोकाला कातडं इतकं जाड आणि कोरडं झालं होतं की फोनच्या लेखी तिथे बोटच नव्हतं. फोन पहिल्यापासून धडधाकट होता.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळून बघितलं.

“म्हंजी हातच बाद झाला म्हणा की. ह्याच हातानं शिकवली वो तिला.”

अशा वेळी काम करावं. मी नवीन बसवलेली गार्ड काढून टाकली. सेटिंगमध्ये टचची संवेदना वाढवता येते, ती वाढवली. ओलं फडकं दिलं. ओल्या बोटाने अर्धी रेघ आली आणि थांबली. पाणी त्या बोटाने पिऊन टाकलं.

तेवढ्यात गयाबाईंनी पिशवीतून काही काढायला स्टूल सरकवला आणि तो काउंटरला थडकला. मिस्त्रींनी वैतागून बोटांच्या सांध्यांनी काउंटरवर टकटक केलं, “नीट बस की!” मी ते सांधे बघितले. बोटाच्या मागची कातडी मऊ होती, सुरकुतलेली, माणसासारखी. तिथे सिमेंट पोचलं नव्हतं.

“मामा, बोट मुडपा. टोक नको. मधलं पेर टेकवा आणि वर सारा.”

त्यांनी बोट मुडपलं. पेर काचेला लागलं आणि खालून वर रेघ आली. सलग, न तुटता. त्यांनी परत केलं. परत आली.

“आयला,” मिस्त्री म्हणाले.

मग तालीम सुरू झाली. नंबर त्यांच्याच फोनमधून काढून मी माझ्या फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावू लागले. पहिल्या वेळी त्यांनी पेर अर्ध्यातच उचललं. दुसऱ्या वेळी कॉल उचलला आणि फोन कानाला लावला. गयाबाई म्हणाल्या, “कानाला न्हाई, तोंडापुढं धरा. तिला काय कान दावता?” तिसऱ्या वेळी जमलं. समोर बसलेली मी त्यांना स्क्रीनमध्ये दिसले, तर ते लहान मुलासारखे हसले. “हां ताई, दिसायलात बरं का!”

“असंच हसा,” गयाबाई म्हणाल्या. “न्हाईतर पोरगी भिईल.”

“अजून एकदा लावते,” मी म्हटलं. पण तेवढ्यात एक जण चार्जर मागायला आला, म्हणून मी माझा फोन बाजूला ठेवून मागच्या फळीकडे वळले.

मिस्त्रींचा फोन वाजला. त्यांना वाटलं, मीच. त्यांनी स्क्रीनकडे धड बघितलंही नाही. बोट मुडपलं, झोकात वर सारलं आणि हसत हसत मोठ्याने म्हणाले, “उचलला बगा ताई! आता पास का नापास?”

फोनमधून काहीच आवाज आला नाही. मी चार्जर हातात धरून वळले. माझा फोन काउंटरवर तसाच पडलेला होता.

मग फोनमधून एका मुलीचा आवाज आला. “आबा?” आणि थोडं थांबून, “आबा, चुकून उचलला का?”

मिस्त्रींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोन पडतो की काय म्हणून मी पुढे झाले. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ आणला.

“न्हाई बाई,” ते म्हणाले. “शिकून उचललाय.”

तिकडे रडण्याचा आवाज, मागे लेकराची बडबड. गयाबाई उठल्या होत्या, पण जवळ येईनात. स्क्रीनवर दिसणार नाही अशा बेताने शटरच्या कडेला उभ्या राहून त्या तो आवाज नुसता ऐकत होत्या. मिस्त्रींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

“सुटली,” ते म्हणाले. “सुटली म्हणतो ना. ये हिकडं.”

गयाबाईंनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. स्क्रीन डोळ्यांशी नेऊन पोरीला आणि नातवाला बघत राहिल्या. चार्जरवाल्याला मी वाटेला लावलं आणि शोकेसमधली कव्हरं, जी सकाळीच पुसली होती, ती पुन्हा पुसायला घेतली.

रिपेअरिंगच्या कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं, आधी तक्रार ऐका, मग फोन तपासा. मी त्यात मध्ये एक पायरी घातली आहे. टच चालत नाही म्हणून कुणी आलं की मी फोन हातात घेत नाही. आधी म्हणते, तुमचं बोट लावून दाखवा. त्यामुळे काही डिस्प्ले विकले जात नाहीत, हा धंद्याचा तोटा.

परवा गयाबाई बाजाराला आल्या होत्या, तेव्हा दुकानात डोकावल्या. मी विचारलं, “मामा उचलतात का फोन?”

“उचलतेत की,” त्या म्हणाल्या. “आता एक रिंग बी पुरी वाजू देत न्हाईत. पोरगी म्हणती, आबा, लेकराचं नाक तरी पुसू द्या वो.”