गाढवाला जागा, सुईणीला नाही

माझी सासू साखरबाई म्हणजे हाताला गुण आणि तोंडाला पट्टा. गुण सगळ्या बाळंतिणींना, पट्टा मला. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. तारापूरला अणूवर चालणारं वीजघर बांधायला निघालं तेव्हा माझा नवरा रामकिसन तिथं फिटर म्हणून लागला, आणि आम्ही बोईसरपलीकडच्या पत्र्याच्या वस्तीत राहायला आलो. एवढं मोठं वीजघर उभं करत होता बिचारा, पण लोक त्याला सुईणीचा रामकिसन म्हणूनच ओळखायचे.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी आल्या आल्या वस्ती ताब्यात घेतली. शेजारची हिंदी बोलणारी बाई अडली. आत्याबाईंना हिंदीचा गंध नाही आणि त्या बाईला मराठीचा. तरी बाळंतपण झक्कास पार पडलं. मी विचारलं, तुम्ही दोघी बोललात कशा? तर म्हणाल्या, "कळा काय हिंदीत येत्यात व्हय?" समुद्राकाठच्या दांडी गावच्या कोळणी तर बैलगाडी पाठवून त्यांना न्यायच्या. परत येताना मांडीवर बोंबलांची पाटी असायची.

त्यांचे दोन कायदे होते. पैशाला हात लावायचा नाही, पाचव्या दिवशी बाळंतिणीच्या हातून एक लुगडं घ्यायचं, मग ते कितीही जाडंभरडं असो. आणि दुसरा कायदा असा की पोर झाल्याची पहिली खबर आईला. बाप बाहेर येरझाऱ्या घालतोय, सासू दाराला कान लावून बसलीय, बसू दे. आत्याबाई पोर उचलून आधी आईसमोर धरायच्या. आईनं विचारायचं, "काय झालं हो सुईणबाई?" आणि मग त्यांनी सांगायचं. "जिनं सोसलं तिला पैली खबर," असं म्हणायच्या.

मला दिवस गेले तेव्हा तर विचारूच नका. आत्याबाईंचे पाय जमिनीला लागेनात. मला पाट उचलू देत नव्हत्या, आणि तोंडाचा पट्टासुद्धा गुंडाळून ठेवला होता. मग शेवटी शेवटी माझे पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. आत्याबाईंनीच पाय दाबून बघितले आणि मुलाला म्हणाल्या, "राम्या, हे माझ्या हातातलं न्हाई. पालघरला ने हिला." दवाखान्यात त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. नियमच तसा होता, त्यात कुणाचा काय दोष? मी शुद्धीवर आले तेव्हा मला मुलगा झाल्याचं कुणीतरी सांगितलं. कुणी सांगितलं तेही आठवत नाही. आत्याबाईंना नातू दिसला तो न्हाऊन, पावडर लावून, फडक्यात गुंडाळलेला.

घरी आल्यावर मी माझं नवं निळं लुगडं त्यांच्यापुढं केलं. त्यांनी परत सारलं. "म्या काय केलं? बाकावर बसले." आणि बाळंतपणाच्या सामानाचा डबा माळ्यावर टाकून दिला. त्या दिवसापासून बोलणंच खुंटलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी निमूट जेवायच्या. मला त्यांच्या शिव्या आठवून रडू यायचं, काय सांगू.

अशात नाताळ जवळ आला. पाळकबाबा नरहरी दर रविवारी पालघरहून उपासनेला यायचे, बोईसर स्टेशनापासून सायकलवर. त्यांनी ठरवलं, यंदा येशूजन्माचं नाटक करायचं. आमचं पोर तान्हं, म्हणून ते बाळ येशू. मी मरीया, डोक्यावर तेच निळं लुगडं. रामकिसन योसेफ, कारण त्याची दाढी फुकटची होती. गाढव मात्र दोन माणसांचं होतं. पुढं महादू वेल्डर, मागं झुंबर खलाशी, वरून गोणपाट. मागं कोणी राहायचं यावरून त्या दोघांचं रोज वाजायचं. एका तालमीत तर गाढवाचं मागचं अर्धं अंग रुसून घरी निघून गेलं. आत्याबाईंकडं चहाचं काम दिलं होतं. त्या कोपऱ्यात बसून किटली सांभाळायच्या.

एक दिवस तालीम चालू असताना गव्हाणीसाठी गवताचा भारा घेऊन बायडी आली, डोंगराकडच्या पाड्यावरची. भारा टाकून तिथंच उकिडवी बसली. मरीयेला उतरायला जागा मिळाली नाही, ती गोठ्यात गेली, पोर झालं, देवदूत गायला लागले. बायडीनं सगळं मन लावून बघितलं आणि विचारलं, "आनि हिची सुईन कोन व्हती?"

पाळकबाबा म्हणाले, "सुईण नव्हती."

"सुईन नाय? मंग पोर कसा झाला?"

सगळे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी किटली खाली ठेवली आणि पदर खोचला. दोन महिन्यांत पहिल्यांदा पदर खोचलेला बघून माझा जीव भांड्यात पडला.

"पाळकबाबा, बायडी बरोबर इचारती. बायबलात सुईण कशी काय न्हाई?"

पाळकबाबा मनाचे सरळ, तिथंच फसले. म्हणाले, "एका पुस्तकात आहे. पण ते पुस्तक बायबलात नाही."

"हाय? मग ते कुणी काढलं?" अशा तावात विचारलं की काढणारा पुढच्या स्टेशनावर वाणगावला राहत असता, तर आत्याबाई तशाच उठून त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

पाळकबाबा बायडीच्या भाऱ्यावर बसले. "काढलं असं नाही, साखरबाई. घेतलंच नाही. येशूनंतर लोकांनी पुष्कळ लिहिलं. कुणी त्याच्या लहानपणाबद्दल, कुणी मरीयेबद्दल. एका माणसानं एका दिवशी बसून हे ठेवा, ते फेका, असं काही झालं नाही. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्या उपासनेत पहिल्यापासून काय वाचत आल्या ते बघितलं. लिखाण प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या काळातलं, त्यांच्या माणसांकडून आलेलं आहे का? त्यांच्या शिकवणीशी जुळतं का? हे पुरतं ठरायला तीनशेवर वर्षं गेली. आणि हे सुईणीचं पुस्तक येशूच्या जन्मानंतर दीडशे वर्षांनी लिहिलेलं. वर नाव येशूच्या भावाचं, याकोबाचं घातलंय, पण याकोब तोवर कधीच वारला होता. लोकांनी आवडीनं वाचलं, पण पवित्र शास्त्र म्हणून धरलं नाही."

"दीडशे वर्सांनी का हुईना, सुईण आठवली ना कुणाला तरी," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू माहेरचं माणूस भेटलं. "आता सांगा, काय काय केलं तिनं?"

पाळकबाबा सांगायला लागले. योसेफ सुईण शोधायला निघाला. डोंगरावरून एक सुईण उतरत होती, तिला घेऊन आला. गुहेत लख्ख उजेड पडला, तो बघून सुईणीनं देवाची थोरवी गायली. ती बाहेर आली तर तिला सलोमी नावाची दुसरी बाई भेटली. कुमारीला पोर झालं, यावर सलोमीचा विश्वास बसेना. ती म्हणाली, मी स्वतः... इथं पाळकबाबांचे कान लाल झाले.

"स्वतः काय?"

"तपासल्याशिवाय मानणार नाही, म्हणाली."

"मग?"

"तपासलं. तर तिचा हात आगीनं जळाल्यासारखा गळून पडायला लागला. पुढं बाळाला उचलून घेतलं तेव्हा बरा झाला."

आत्याबाईंनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. एकदा उताणे करून, एकदा पालथे करून. "तपासलं म्हणून हात जळला? आवो, तपासायचं न्हाई तर बाळंतपण काय उदबत्ती ओवाळून करायचं? आसं आसतं तर माझे हात खांद्यापासून गेले आसते. हे लिवणारा बाप्या बाळंतिणीच्या खोलीत कधी पाऊल टाकलेला न्हाई. बरं झालं घेतलं न्हाई बायबलात. म्याबी घेतलं नसतं."

पाळकबाबा पोट धरून हसले. जे ठरवायला मंडळ्यांना शेकडो वर्षं लागली, ते आत्याबाईंनी चहा उकळेपर्यंत उरकलं. "मग मिटलं तर," ते म्हणाले. "सुईण गेली."

"पुस्तक गेलं. सुईण कशी जाईल? पोर झालं न्हवं? नाटकात सुईण म्या होते."

आता पाळकबाबा गंभीर झाले. "नाही, साखरबाई. शुभवर्तमानात लूक म्हणतो, मरीयेनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. सुईणीचं नाव नाही. शास्त्रात नाही ते मी लोकांपुढं आणणार नाही." आवाज मऊ होता, पण माणूस हलणारा नव्हता.

आत्याबाईंचा पदर सुटला. निळं लुगडं परत सारताना दिसला होता तोच चेहरा मला पुन्हा दिसला. या बाईला नाटकाची हौस नव्हती हो. तिला फक्त आत यायचं होतं. मला असा संताप आला पाळकबाबांचा, की देवाचा माणूस नसता तर किटली डोक्यात घातली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गाढव शिंकलं. मागून.

आत्याबाईंची नजर गाढवावर गेली आणि तिथंच थांबली.

"पाळकबाबा, हे गाढव लूकमधी हाय?"

खोटं बोलता येत नाही हा पाळकबाबांचा मोठाच अवगुण. "नाही," ते म्हणाले.

"मग मत्तयमधी?"

"नाही. गव्हाणीपाशी बैल आणि गाढव उभे होते, हे तसल्याच एका बायबलाबाहेरच्या पुस्तकात आहे. तेही फार मागाहूनच्या."

"म्हंजी गाढवाला जागा, आन् सुईणीला न्हाई?"

गोणपाटाखालून झुंबरनं विचारलं, "मी निघू का बाहेर?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. पाळकबाबा चष्मा काढून डोळे पुसत होते. "या, साखरबाई, या," ते म्हणाले. "पण एक अट. बोलायचं नाही. जे लिहिलेलं नाही ते तुमच्या तोंडून नको."

"एक आक्षर न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. ते ऐकून रामकिसनला गव्हाणीचा आधार घ्यावा लागला.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरचा डबा काढला आणि राखेनं लख्ख घासला.

नाताळच्या संध्याकाळी परांचीच्या फळ्यांचं स्टेज झालं. दांडीचे कोळी आले, बायडीचा अख्खा पाडा आला, हिंदीवाले आले. गाढवाचे पुढचे पाय बेथलेहेमकडं निघाले आणि मागचे पाय चहाकडं. योसेफ पहिलंच वाक्य विसरला. लोक हसून लोळत होते. मग आत्याबाई आल्या. हातात डबा, तोंड घट्ट मिटलेलं. त्यांनी सगळ्यांदेखत हात धुतले, कोपरापर्यंत, आणि लोक आपोआप गप्प झाले. गोधडीच्या आडोशातून त्यांनी माझं पोर उचललं. योसेफ बघायला वाकला, त्याला कोपरानं बाजूला सारलं, आणि पोर माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

आता मी त्याला घेऊन गव्हाणीत ठेवायचं होतं. पण आत्याबाईंचे ओठ आतल्या आत हलत होते. वचन त्यांनी दिलं होतं. मी कुठं दिलं होतं?

"काय झालं हो सुईणबाई?" मी विचारलं.

आत्याबाईंनी पाळकबाबांकडं बघितलं. ते पडद्याची दोरी धरून उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

"पोरगा झाला गं, नर्मदे," आत्याबाई म्हणाल्या. मरीये नाही म्हणाल्या, माझं नाव घेतलं. "नाकीडोळी नीटस पोरगा झाला." मला तर पुढचं दिसेनाच. मला मुलगा झाला, हे मला त्या दिवशी कळलं.

मी डोक्यावरचं निळं लुगडं काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. या खेपेला त्यांनी परत केलं नाही. दोन बोटांत कापड चोळून बघितलं, खांद्यावर टाकलं, नाक पुसलं.

"योसेफा," त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मागच्या कोळ्यांनाही ऐकू गेलं, "उभा काय ऱ्हायलास खांबावानी? पानी तापीव, बाळंतीन थंडीत बसलीया. आन् ते गाढव हाकला कुनीतरी, घान करील."

पट्टा सुरू झाला होता. पाळकबाबांनी पडदा पाडला नाही.