मॅडमनी न घेतलेला पेढा

बाटलीतलं पाणी स्वच्छ, आरपार दिसणारं. आमचे डायरेक्टर देशपांडेसाहेब शनिवार पेठेतून पेढेही घेऊन आले होते. परदेशी कंपन्या तेव्हा नुकत्याच पुण्यातल्या लॅबना कामं देऊ लागल्या होत्या. हे सॅम्पल अशाच एका क्लायंटला पसंत पडलं तरच माझी नोकरी पक्की, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

काम असं. लांब रेणूच्या दोऱ्यात साखरेच्या जातीच्या रेणूंच्या कड्या ओवलेल्या. सुटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना अणूंचे जाड गट, म्हणजे माळेच्या गाठीच. ही माळ पाण्यात विरघळवून द्यायची होती. एरवी ती विरघळत नाही, कारण कड्या एकमेकींना धरून बसतात. कड्यांवर छोटे गट चिकटवले की ती पकड सुटते. ते मी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात केलं होतं.

सगळ्यांनी पेढे घेतले. आमच्या सीनियर कांबळे मॅडम घेईनात.

"अहो, घ्या की. विरघळलं ना?" साहेब म्हणाले.

"काय विरघळलं? बाजारात तुरी आहेत अजून. सुनीता, डायलिसिसला लाव."

डायलिसिस म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत द्रावण भरून ती पाण्यात सोडायची. सुट्या कड्या बाहेर पडतात, अख्खी माळ आत राहते. दुसऱ्या दिवशी बाहेरचं पाणी आटवलं, तर तळाला ही एवढी पांढरी पावडर. कॉस्टिकनं गाठी तोडल्या होत्या, आणि पाण्यात विरघळल्या होत्या त्या नुसत्या सुट्या कड्या.

"साहेबांना काय सांगू, मॅडम?"

"तू काही सांगू नकोस. गाठ दोऱ्याला धरून ठेवणारा जोड मी निवडला होता."

त्यांनी साहेबांसमोरच क्लायंटला फोन लावला. सॅम्पल चुकलंय, चूक माझी, वेळ द्या.

"क्लायंट गेला म्हणजे?" साहेब चिडले.

"तुटकी माळ पाठवून थांबणार होता का?"

क्लायंटनं वेळ दिला. कॉस्टिकला दाद न देणारा जोड घेऊन आम्ही माळ पुन्हा केली. पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा पिशवी. या खेपेला बाहेरचं पाणी आटवल्यावर तळाला जवळजवळ काहीच उरलं नाही. मला रडूच आलं.

मॅडमनी ऑफिसच्या ड्रॉवरमधून त्या दिवसापासून ठेवलेला त्यांच्या वाटचा पेढा काढला. "वाळलाय," म्हणाल्या, आणि अर्धा मला दिला.

नोकरी पक्की झाली. आज लॅब माझ्याकडे आहे. कुणी स्वच्छ बाटली नाचवत आलं, की मी आधी बाहेरच्या पाण्याचं विचारते. पोरं वैतागतात. वैतागू देत. मॅडमचे उपकार दुसरे कसे फेडणार?