बदकाची हवा

बदकातली हवा भर पाण्यात गेली तर? या प्रश्नावर मी गेल्या आठवड्यात चार रात्री जागून काढल्या. बदक तोवर पाण्यात उतरलंही नव्हतं!

बदक म्हणजे पोहताना पोरांनी कमरेत घालायची फुगवायची रिंग, पुढे पिवळं डोकं. सईच्या मामाने नाशिकहून आणलेली. सई आमची लेक, साडेचार वर्षांची. रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी सहकुटुंब एका रिसॉर्टच्या स्विमिंग पूलवर जाणार होती. आणि हे बदक संध्याकाळी फुगवलं की जेवणं होईपर्यंत चपटं!

जव्हारच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये काही बिघडलं की आधी किस्से होतात. दुरुस्ती जमल्यास नंतर.

*

नवरा क्लार्क. त्याच्याकडे प्रत्येक कामाची एक पद्धत असते. "पाण्यात बुडवायचं. बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण. संपला विषय!"

नळाला पाणी दिवसाआड. ते भरून ठेवलेलं पिंप खास बदकासाठी उघडलं. आता बदक काही बुडेना. त्याने दोन्ही हातांनी दाबलं, मी वरून कोपर रेटलं. बदक उसळून थेट त्याच्या हनुवटीवर!

"अगं, हे बुडतच नाहीये!" तो वैतागून ओरडला.

कुठल्याही शहाण्या बाईची काळजी इथे मिटली असती. मी म्हणाले, "पण पाण्यात हवा गेली तर? हवा गेली की बुडतात रे!"

आठवड्यात हे मी बहुतेक विसाव्यांदा म्हणत होते. सई पिंपाशेजारी उभी राहून ऐकत होती.

*

मग शेजारच्या सिस्टर आल्या. दवाखान्यात नर्स आहेत. त्यांना शेपटीपाशी एक ओरखडा सापडला. तो त्यांनी स्पिरिटने पुसला, वर चिकटपट्टी लावली, तिच्यावर आडवी दुसरी. मग बदक माझ्या हातात देत, सवयीने म्हणाल्या,

"दोन दिवस पाणी लागू देऊ नका हं!"

जेवणं झाली. बदक चपटं.

*

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने बदक मान धरून उचललं आणि आधी त्याच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं.

"हवा किती भरू?"

नवरा अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "पुढच्या चाकाएवढी."

त्या माणसाने साबणाचं पाणी लावून बदक चोचीपासून शेपटीपर्यंत तपासलं. "मॅडम, याला पंक्चरच नाही!"

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. त्याचा हा रोजचा धंदा, पण माझं बी.एड. झालेलं होतं ना!

जेवणं झाली. बदक चपटं.

*

मी जामसरच्या शाळेत शिकवते. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी माझे डोळे पाहून विचारलं, "झोप नाय झाली का, मॅडम?"

मी बदकाची सगळी हकिकत सांगितली.

"आमची पोरं अशीच पवतात, नदीला," मावशी म्हणाल्या. "फुगा नाय का काय नाय."

"आणि त्यांना भीती नाही वाटत?"

मावशी पातेल्यात उलथणं फिरवत राहिल्या. "भीती कुणी सांगल तवा वाटंल ना!"

मी समजुतीने हसले. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते.

*

शनिवार संध्याकाळ. शेवटचा प्रयत्न म्हणून मी चक्कर येईपर्यंत फुंकून बदक फुगवलं, बूच घट्ट दाबलं आणि कुकर लावायला आत गेले. उद्याचे टॉवेल घ्यायला बाहेर आले, तर सई बदकावर पालथी पडलेली. बूच उघडं. फुस्स आवाज चाललेला. शेवटची हवा निघावी म्हणून ती बदकाची मान दोन्ही हातांनी हळूहळू पिळत होती. मन लावून.

"सई! रोज तूच करतेस हे?"

तिने मान डोलावली. चेहऱ्यावर अपराधीपणा शून्य!

"आई, हवा पाण्यात गेली की बुडतात ना?"

"हो, पण..."

"म्हणून मी घरीच काढून टाकते," बूच नीट परत लावत ती म्हणाली. "आता पाण्यात जायला उरलीच नाही!"