मनोऱ्यावरची चाळीस मिनिटं

"माझ्या हातचं घड्याळ खोटं बोलत नाही," असं घड्याळवाला म्हणायचा. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवताना म्हणायचा, जुनी काच काढून नवी बसवताना म्हणायचा, आणि लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बायकोनं साधं "किती वाजले?" असं विचारलं तेव्हाही हेच म्हणाला होता. तिला वाटलं, नवरा कधी सरळ उत्तरच देत नाही. पुढे कळलं की हेच त्याचं सरळ उत्तर.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीखाली टेबल, आणि बारके स्क्रू घरंगळून पडू नयेत म्हणून त्याला तिन्ही बाजूंनी लाकडाची पट्टी. भिंतीवर एकोणीस घड्याळं. ती सगळी एका दमात वाजायची. नवखा माणूस दचकून खुर्चीवरून उठायचा, पण घड्याळवाल्याची बायको त्या कल्लोळात शांत झोपायची, आणि एखादं अर्ध्या मिनिटानं मागे पडलं तर मात्र जागी व्हायची. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढं तरी अंगात मुरतंच.

रोज सकाळी तो खिशातलं घड्याळ घेऊन स्टेशनापर्यंत चालत जायचा, तिथल्या मोठ्या घड्याळाशी ते जुळवायचा आणि मग चौकातल्या मनोऱ्याच्या ब्याण्णव पायऱ्या चढून गावाच्या घड्याळाला किल्ली द्यायचा. मनोऱ्याची जबाबदारी त्याच्याकडे त्याच्या वडिलांकडून आली होती. पगार नव्हता. मान होता, आणि गुडघेदुखी होती.

बायको चौकातल्याच पोस्टात होती, तिकिटांच्या खिडकीवर. तिच्या खिडकीच्या गजांमधून मनोरा समोर दिसे. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर टाकली की वर, घड्याळाच्या तोंडाशेजारच्या झरोक्यात, नवऱ्याचं टक्कल चमकताना दिसायचं. तेवढ्यानं तिचा दिवस सुरू व्हायचा.

असं सगळं वेळच्या वेळी चाललं असताना लिलाववाला पुढारी झाला.

हा आधी भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा की कोबीच्या ढिगाऱ्यालाही आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं. त्यानं कुठूनतरी शोधून काढलं की राजधानीत सूर्य उगवतो त्याच्या चाळीस मिनिटं आधी तो आपल्याकडे उगवतो. घड्याळं मात्र सगळ्या देशाची राजधानीच्या सूर्यावर.

"सूर्य आधी आपल्याकडे येतो," तो चौकात टेबलावर उभा राहून म्हणाला. "मग वेळ त्यांची का? रोज चाळीस मिनिटं. वर्षाला दहा दिवस. तुमचे दहा दिवस कोण खातं? एक वार. दोन वार."

गाव तिसऱ्या वाराची वाट बघत राहिलं आणि तिथेच फसलं.

चाळीस मिनिटांची चळवळ वाऱ्यासारखी पसरली. जो तो आपले चोरीला गेलेले दिवस मोजू लागला. घराला लागून, चौकाच्या तोंडाशी, बेकरी होती. तिथला बेकरीवाला पंचेचाळिशीचा. त्यानं पिठाच्या हातानं भिंतीवर गणित मांडलं आणि हर्षानं सांगत आला, "वहिनी, माझं सव्वा वर्ष खाल्लंय त्यांनी. म्हणजे मी अजून चव्वेचाळीसचाही झालेलो नाही."

"तरीच अक्कल यायची राहिलीय," ती म्हणाली.

घड्याळवाला आधी हसला होता. पण एके दिवशी लिलाववाला स्वतः दुकानात आला, एकोणीस घड्याळांसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "या गावाची वेळ तुमच्या हातात आहे, आणि गावाला तुमचं नावही धड ठाऊक नाही. आपलं सरकार आलं की तुम्ही वेळमंत्री." घड्याळवाल्याला आयुष्यात कुणी मंचावर बोलावलं नव्हतं. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून तो बराच वेळ त्या माणसाकडे पाहत राहिला. बायकोनं तेव्हाच ओळखलं, हा गेला.

रविवारी ढोल वाजवत लोक चौकात जमले. घड्याळवाला मनोरा चढला आणि त्यानं मोठा काटा चाळीस मिनिटं पुढे नेला. खाली टाळ्यांचा पाऊस पडला. घरी येऊन त्यानं भिंतीवरची एकोणीसही पुढे केली. विसावं घड्याळ बायकोच्या मनगटावर होतं.

"आण इकडे," तो म्हणाला.

"हे पोस्टाच्या वेळेवर राहील," ती म्हणाली. "पगार पोस्ट देतं. सूर्य देत नाही."

मग एका घरात दोन वेळा सुरू झाल्या. त्याचे आठ वाजत तेव्हा तिचे सात वीस. तो ताटावर बसून राही आणि भात अजून चुलीवर असे. पुढे चळवळीतले लोक घड्याळ उजव्या मनगटावर बांधू लागले, ओळख पटावी म्हणून. हे लोक सगळीकडे चाळीस मिनिटं आधी पोचत आणि ताठ मानेनं बंद दारांपुढे उभे राहत. पोस्टाच्या दारावर थापा पडत. "उघडा, नऊ वाजले." ती आतून सांगे, "तुमचे वाजले असतील. माझ्या कुलपाचे नाही वाजले."

सगळ्यात मौज स्टेशनावर. हे लोक तिथेही आधीच जाऊन बसत, आणि गाडी आपल्या नेहमीच्या वेळेला आली की लिलाववाला म्हणे, "बघा. रोज चाळीस मिनिटं उशीर. आपल्या गावाची ही किंमत." त्यावर सह्यांचा अर्जही गेला. अर्जावर पहिली सही घड्याळवाल्याची होती. ज्या माणसानं वीस वर्षं ती गाडी सेकंदावर तपासली, त्याची. त्या रात्री बायको त्याच्याशी बोलली नाही, आणि दोघांपैकी कुणालाच किती वेळ बोलली नाही हे नक्की सांगता आलं नसतं.

चळवळ दीड वर्षाची झाली तेव्हा लिलाववाल्याच्या घड्याळाची काच फुटली. भाषणात टेबलावर मूठ आपटताना फुटली. बेकरीवाला ते घड्याळ रुमालात गुंडाळून, देवळातला प्रसाद आणावा तसं घेऊन आला. घड्याळवाल्यानं काच बसवली आणि भिंतीकडे पाहिलं. पुढाऱ्याचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं.

"मागे पडतंय," तो पुटपुटला. झाकण उघडलं, पुसलं, तेल दिलं, स्टँडवर टांगलं. तीन दिवस ते टांगलेलं राहिलं. एका सेकंदाचाही फरक पडेना. चाळीस मिनिटं मागे ती मागेच.

"अहो, ते घड्याळ बरोबर आहे," शेवटी बायको म्हणाली.

"बरोबर कसं? चाळीस मिनिटं मागे आहे."

"म्हणजेच बरोबर आहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा झाकण उघडलं. दोष यंत्रात नसेल तर माणसात असेल, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. दोष न सापडताच त्यानं काटे चाळीस मिनिटं पुढे केले आणि घड्याळ परत पाठवलं. वर निरोप, की नेत्याच्या घड्याळात बारीक चूक होती, मी काढून टाकली.

चौथ्या दिवशी बेकरीवाला धापा टाकत आला. "काय करून ठेवलंत? त्यांना राजधानीची गाडी धरायची होती. चाळीस मिनिटं फलाटावर बसून राहिले. सगळ्यांनी पाहिलं. म्हणतात, घड्याळ पुढे पळतंय, कुणा अडाण्यानं बिघडवलं."

घड्याळवाला उघडलेल्या यंत्रावर वाकला होता. चिमटा हातातच राहिला.

"पुढे पळतंय म्हणाले?"

"असंच म्हणाले."

"पुढे म्हणजे कुणाच्या पुढे?" त्यानं शांतपणे विचारलं.

बेकरीवाला पिठाचे हात झटकत निघून गेला. घड्याळवाला संध्याकाळपर्यंत त्याच यंत्रावर वाकून होता. बायकोनं मागून येऊन पाहिलं. भिंग कपाळावरच होतं.

राजधानीला गेलेला लिलाववाला परत आलाच नाही. तिथल्या सरकारनं त्याला एका समितीवर घेतलं, मोटार दिली. तिथून त्यानं पत्र धाडलं की वेळ ही मुळात मनाची गोष्ट आहे. आठ दिवसांत गावातली घड्याळं मागे आली आणि डाव्या मनगटावर गेली. ज्याला विचाराल तो कानावर हात ठेवी. मी कुठे होतो चळवळीत? मी तर सभेला बसायला जागा मिळे म्हणून जायचो. अर्जावरची सही? तो पावतीचा कागद वाटला होता.

फक्त घड्याळवाल्याच्या भिंतीवरची एकोणीस आणि मनोऱ्याचं घड्याळ तेवढं चाळीस मिनिटं पुढे राहिलं, आणि मनोरा दर तासाला ठोके देऊन गावाला आठवण करून देत राहिला. नगरपालिकेचं पत्र आलं: घड्याळ आठ दिवसांत दुरुस्त करावे, अन्यथा किल्ली जमा करावी.

पत्रामागोमाग बेकरीवाला आणखी दोघांना घेऊन आला. बसले. चहा घेतला. मग म्हणाला, "पहाटे उरकून टाका. चौकात चिटपाखरू नसताना. कुणी विचारलंच, तर सांगायचं, बिघडलं होतं. गंजलं होतं. झालं."

"बिघडलं नव्हतं," घड्याळवाला म्हणाला.

"अहो, घड्याळाला कुठे राग येतोय? बिघडलं म्हटलं की सगळे सुटलो. तुम्हीसुद्धा."

बायको दारात ओट्याचं फडकं घेऊन उभी होती. किल्ली जाईल याची तिला धास्ती नव्हती. हा माणूस आता मान हलवील, आणि मग उरलेलं आयुष्य ते एक वाक्य म्हणायचं बंद करील, याची होती. त्या वाक्यावाचून हा कसा दिसेल, तिला कल्पना करता येईना.

"काटे मागे फिरवता येत नाहीत," घड्याळवाला म्हणाला. "ठोक्याचं यंत्र मोडतं. पुढे नेता येतात, मागे नाही. घड्याळ थांबवायचं आणि खरी वेळ त्याच्यापाशी येईपर्यंत वाट बघायची. पुरी चाळीस मिनिटं."

"पहाटे थांबवा की."

"बाजाराच्या दिवशी थांबवणार. अकराचे ठोके पडले की."

तिघे उठले. बेकरीवाला दारात वळून म्हणाला, "वहिनी, समजवा जरा."

"दीड वर्ष समजावत होते," ती म्हणाली. "आता कुठे समजलंय, ते बिघडवू नका."

बाजाराच्या दिवशी सकाळी घड्याळवाला तिच्यापुढे येऊन उभा राहिला. एकोणीस घड्याळांकडे त्याची पाठ होती. "या घरात खरी वेळ तुझ्या मनगटाशिवाय कुठेच नाही," तो म्हणाला. "तुझे अकरा झाले की खिडकीतून रुमाल दाखव."

मनोऱ्यानं अकरा ठोके दिले तेव्हा पोस्टात दहा वीस झाले होते. शेवटचा ठोका विरला आणि वरची टिकटिक थांबली. रोज ऐकून कुणाला ऐकू न येणारा आवाज थांबला म्हणून सगळ्यांना ऐकू आला. भाजीवाल्यांनी माना वर केल्या. लिफाफ्यावर शिक्का मारता मारता तिचा हात थांबला.

"बिघडलं का हो?" खालून कुणीतरी ओरडलं.

झरोक्यातून टक्कल बाहेर आलं. "घड्याळ चांगलं आहे," घड्याळवाला म्हणाला. "काटा मी पुढे नेला होता. मी चुकलो होतो. चाळीस मिनिटं थांबा."

मग जे झालं ते तिनं गजांमधून पाहिलं. चौकातली अर्धी माणसं एकाएकी आपल्या चपला तपासू लागली. कुणी कांदे निवडू लागला, ज्याला कांदे घ्यायचेच नव्हते. बेकरीवाला दुकानाच्या काचेमागे पाव मांडत होता, काढत होता, पुन्हा मांडत होता. वर घड्याळवाला यंत्राशेजारी बसून होता, न हलता, काट्यासारखा. खिडकीपुढची रांग वाढली. तिनं आज सगळ्यांना हळूहळू तिकिटं दिली.

तिच्या मनगटावर अकरा झाले. तिनं रुमाल उचलला. वर टिकटिक सुरू झाली. अकराचे ठोके आधीच पडून गेले होते, त्यामुळे खरे अकरा वाजले तेव्हा गावात काहीच वाजलं नाही.

थोड्या वेळानं मनोऱ्याचं बुटकं दार उघडलं. घड्याळवाला वाकून बाहेर आला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. खिशातलं घड्याळ काढून मनोऱ्याशी जुळवलं. तिला वाटलं, आता इकडे बघेल. त्यानं बघितलं नाही. घड्याळ कानाला लावलं आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागला.

तिच्या रुमालावर त्याचा विश्वास नव्हता. स्टेशनावर जाऊन तपासणार होता. म्हणजे आता बरा आहे, असं तिच्या मनात आलं.

"ताई, तिकीट," खिडकीपुढचा माणूस म्हणाला.

"देते," ती म्हणाली, आणि गजांमधून पाहत राहिली. गुडघा दुखत असल्यानं तो जरा डावीकडे झुकून, पण बेताच्या चालीनं, गर्दीतून जात होता. बेकरीवालाही काचेमागून त्याच्या पाठीकडेच पाहत होता, उजव्या मनगटावर उमटलेला पट्ट्याचा पांढुरका वण अंगठ्यानं चोळत.