डाव्या बाजूचं दार

जुनी गाडी रोज चालवली की तिच्यात मालापेक्षा गोष्टी जास्त साचतात. माल भालकीच्या बाजारात उतरवता येतो. गोष्टी उतरत नाहीत. टपरीवर चहा घेताना कुणीतरी म्हणतं, "डायवरअप्पा, त्या पोलिसाचं सांगा की." मग सांगावं लागतं. आयुष्यभर लोकांच्या लॉऱ्या चालवल्या, म्हणून डायवरअप्पा. ही गाडी मात्र घरची.

आधी तिचं सांगतो. पिकअप आहे, माझ्या मुलापेक्षा वयाने मोठी. गिअर स्टेअरिंगलाच, पुढे एकच सलग सीट. एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनमागे बाभळीत गंजत पडली होती. माझा मुलगा मिलिंद भालकीत गाड्यांचं काम करायचा. त्याने ती ओढत खटकचिंचोळीला आणली आणि आमच्या अंगणात उभी केली. सुट्टीच्या दिवशी पत्रा ठोकायचा, इंजिन खोलायचा, परत बसवायचा. हिरवा रंग मारला. राहिलं फक्त डावं दार.

ते बाहेरून उघडतं, आतून उघडत नाही. काचही अर्ध्यावर अडकते. काचेखाली नेमक्या जागी कोपराने दणका दिला तरच काच खाली जाते, मग हात बाहेर घालून हँडल ओढायचं. ही खुबी मिलिंदने मला दाखवली. मी तिसऱ्या कुणाला दाखवली नाही.

"रविवारी करतो दार," म्हणाला होता. शनिवारी दुकानात दुसऱ्याच्या गाडीखाली होता. जॅक सरकला.

बिदरच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं ते याच गाडीतून. मीच चालवली. तेव्हापासून रोज चालवतो. दूध, भाजी, माणसं. सगळं गाव या गाडीत बसलं. माझी बायको शेवंता बसली नाही.

*

शिवराजअप्पांचं गावात किराणा दुकान. माल आणायला माझ्याबरोबर भालकीला येतात. अंगाने भरलेला माणूस, डावीकडची जागा त्यांचीच. पहिल्या खेपेला मी गाडी लावली आणि दाराचं सांगायचं विसरून चहाला गेलो. परत येऊन बघतो तर अप्पा आतच, काच अर्धी, नाक बाहेर, आणि त्या फटीतून एका अडत्याशी डाळीचा भाव करायलेत.

मी दाराला हात लावला तसे हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मी जागचा हलंना म्हणून त्यो घाबरलाय."

*

हुमनाबादच्या रस्त्याला एका पोलिसाने हात केला. एवढी जुनी गाडी रस्त्यावर कशी, म्हणून कन्नडमध्ये दरडावलं. कागद बघितले, कागद ठीक होते. मग मला नाक्यापर्यंत सोड म्हणाला आणि डावीकडे बसला. वाटभर एकच रट, असली गाडी भंगारात घालायला पाहिजे, आणि तुझ्यासारख्या म्हाताऱ्याने घरी बसायला पाहिजे.

नाक्यावर थांबलो. तो हँडल हलवतो, खांदा लावतो, गुडघा लावतो. दार तसंच. बाहेर त्याचे सोबती बघायला लागले. मी समोरच्या रस्त्याकडे बघत बसलो.

शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, बागला तेगीरी." म्हणजे दार उघडा. भंगार म्हणेपर्यंत मी 'नी', म्हणजे 'तू' होतो. अडकल्यावर मानाचा 'री' लागला.

उतरून उघडलं. मान राखणाऱ्याला मी अडवत नाही.

*

इस्माईल मिलिंदचा दोस्त. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, आता इस्माईलचं स्वतःचं दुकान आहे. एकदा ऑइल बदलायला गेलो तर माझं लक्ष नाही बघून तो पान्हा घेऊन डाव्या दाराशी बसला. मी जाऊन पान्हा त्याच्या हातातून घेतला.

"अब्बा, पाच मिनिट का काम है," म्हणाला.

"म्हणूनच ऱ्हाऊ दे."

त्याने फडक्याला हात पुसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. परत कधी त्या दाराकडे गेला नाही.

*

जनवाड्याच्या एका माणसाला दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. जिवंत नव्हता. अशा कामाला मी नाही म्हणत नाही. भाऊबंद मागे मयताजवळ बसले, बायको पुढे माझ्या शेजारी. तरुण बाई. वाटभर रडली नाही, बोलली नाही.

घरापुढे थांबलो तशी सगळी गल्ली गाडीच्या मागे धावली. फाळका उघडायला मीही मागे गेलो. रडारड उसळली. बायका मयताला कवटाळायला लागल्या, कुणी म्हणे पाणी आणा, कुणी म्हणे तिला सांभाळा. कुणाला सांभाळा? ती तिथे नव्हतीच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बाई आत अडकली आहे.

जाऊन दार उघडलं. चुकलं म्हणायची मला सवय नाही, तरी म्हणालो.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अप्पा. तेवढंच एकलीला बसाय मिळालं."

मग उतरली, आणि पाऊल जमिनीला लागलं तेव्हा तिने हंबरडा फोडला.

*

मागच्या फाळक्यावर काही लिहावं असं मनात आलं. दुधाचे कॅन असतात, मागून येणाऱ्याने सांभाळून यावं. पेंटरला म्हटलं, कन्नड अक्षरात 'हळू' लिही. कन्नड मी बोलतो, पण वाचता येत नाही. माझ्या चार यत्ता मराठीत झाल्या. पेंटरला मराठी येत नव्हती. त्याच्या कानाला जे लागलं ते त्याने लिहिलं. 'हाळु'. पिवळी मोठी अक्षरं, खाली फूल काढलं.

हाळु म्हणजे नासलेलं, वाया गेलेलं. ती पाटी मिरवत मी वर्षभर दूध नेलं.

कळलं ते फोटोवाल्यांमुळे. लग्न ठरलेलं एक जोडपं आलं होतं. आजकाल जुन्या गाडीबरोबर फोटो काढायची पद्धत निघाली आहे. नवरदेव डावीकडे बसला आणि अर्थातच अडकला. पोरगी खिडकीत वाकून म्हणाली, "बसा आता तितंच. सवय करून घ्या." सगळे हसले. मग तिला मागे फाळक्याला टेकून उभं केलं. तिच्या आईने फाळका वाचला आणि पोरीला दंडाला धरून बाजूला ओढलं. असल्या अक्षरापुढे फोटो नको म्हणाली. कसल्या, ते मी विचारलं.

घरी आलो. शेवंता कडगंचीची, कन्नड शाळेत शिकलेली. भाकरी थापत होती.

"तुला वाचता येतंय की. वरीसभर कामून सांगितली न्हाईस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. "खोटं काय लिव्हलंय त्यात?"

मी ते पुसलं नाही. अजून आहे.

*

सोमवारी शेवंता गोळ्या आणायला भालकीला जाते. बसने. मीही त्याच वेळेला दूध घेऊन निघतो. पुढे बस, मागे मी. बसच्या मागच्या काचेतून तिचं डोकं दिसतं. ती वळून बघत नाही.

एकदा शिवराजअप्पा कंटाळून म्हणाले, "डायवरअप्पा, किती धूर खायचा? काढा की पुढं."

मी काढली नाही. अप्पांनी काच वर करायला घेतली, ती अर्ध्यावर अडकली. मग त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

*

शेवंताची थोरली बहीण पार्वती कडगंचीला राहायची. सकाळी फोन आला, अक्का गेली, दुपारी माती आहे. बस निघून गेली होती. मी गाडी रस्त्यावर काढून इंजिन चालू ठेवलं.

शेवंता पिशवी घेऊन बाहेर आली. थोडा वेळ उंबऱ्याजवळ उभी राहिली. मग आली, डावं दार उघडलं आणि बसली.

हुमनाबाद गेलं, कलबुर्गी गेलं, आळंदचा रस्ता लागला. समोर मिलिंदने चिकटवलेला बाबासाहेबांचा फोटो आहे, तो तिने पदराने पुसला. तेवढंच.

कडगंचीत घरापुढे माणसं जमली होती. इंजिन बंद केलं. गुडघा धरून उतरलो आणि तिचं दार उघडायला बॉनेटला वळसा घालून निघालो. जनवाड्याची बाई आठवली, म्हणून मुद्दाम हळू चाललो.

बॉनेटपुढे होतो, तेवढ्यात आतून दणका आला. काचेखाली, नेमक्या जागी. एकच. काच खाली गेली. शेवंताचा हात बाहेर आला, न बघता हँडलवर गेला, आणि दार उघडलं.

ती उतरली, पदर नीट केला.

"चला," म्हणाली.