अस्तर उसवताना ऐकलेलं वाक्य

आगाशीच्या बाजारात मी सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, घेत होते, तेव्हा प्रसादचा फोन आला. "मावशी, आई गेली." मी म्हटलं, "गेली कुठे? तिला सांग, सुकेळी मिळालीत, घरीच थांब." पलीकडून तो हुंदके देऊन रडायला लागला आणि मग मला कळलं. शालनताई राणे, फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणाचं दुकान चालवणारी, सव्वीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहणारी, दुपारी जेवून खुर्चीत डुलकी काढायला बसली ती उठलीच नाही. मरण म्हणाल तर भाग्याचं. पण सांगून तरी जायचं होतंस गो बाई!

मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे जगाला शिस्त लावायचा मक्ता माझ्याकडे आहे असं मला वाटे. शालनताईपुढे माझी डाळ कधी शिजली नाही. ती मालवणकडची. नवरा लवकर गेला, प्रसाद तेव्हा दुसरीत होता. मशीनवर बसून तिने त्याला शिकवलं, इंजिनिअर केलं. माप घेताना ती गिऱ्हाइकाची भीडभाड ठेवत नसे. "जाडी झालंस गो, जुन्या मापात काय तू बसनस नाय," असं तोंडावर सांगायची, आणि बायका हसत हसत पुन्हा तिच्याकडेच यायच्या. कारण तिने गुरुवारी ब्लाउज देते म्हटलं की तो गुरुवारी मिळायचाच. खोटं आश्वासन हा तिच्या मते शिंप्यांना लागलेला रोग होता, आणि तो आपल्याला होऊ द्यायचा नाही असा तिचा पण होता.

दहा वर्षांपूर्वी एका दुपारी पोलिसांची एक बाई अधिकारी तिच्या दुकानात आली. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये एका तरुण बाईला पकडलंय, बॅगेच्या अस्तरात काहीतरी शिवलेलं दिसतंय, पंच म्हणून याल का? पंच म्हणजे झडती होताना हजर राहायचं, जे सापडेल ते डोळ्यांनी बघायचं, कागदावर सही करायची आणि पुढे बोलावलं की कोर्टात जाऊन सांगायचं. फुलपाड्यात हे ऐकल्यावर निम्म्या लोकांना एकदम कामं आठवतात. शालनताईने चष्मा लावला, कात्री पिशवीत टाकली आणि निघाली. बॅग फाडू नका, मी नीट उसवून देते, असं तिनेच सुचवलं. अस्तराखाली प्लास्टिकच्या पुड्या निघाल्या, मातकट रंगाची पावडर. हेरॉइन. पंचनाम्याचा प्रत्येक शब्द वाचल्याशिवाय तिने सही केली नाही, आणि एक वाक्य जास्तीचं घालायला लावलं: अस्तराची शिलाई जाड दोऱ्याची, कारखान्यातल्या मशीनवरची आहे, घरी घातलेली नाही. अधिकारी बाई म्हणे हसल्या, पण त्यांनी ते लिहिलं.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ही अंधारात बसलेली. मग तिने ते सांगितलं, जे पंचनाम्यात नव्हतं. पोलीस दाराशी दुसऱ्या पंचाचं नावगाव लिहून घेत होते, ही खाली बसून टाके उसवत होती, आणि ती पकडलेली मुलगी, मीना तिचं नाव, वाकून हळूच म्हणाली होती, "ताई, सांभाळून. पुडी फुटेल, डोळ्यांत जाईल." बस्स, एवढंच. शालनताई म्हणाली, "तिना माझे डोळे वाचवल्यान गो. आणि त्याच तोंडान सांगल्यान की तिका सगळा ठावक होता." मी लगेच गणित मांडलं. म्हटलं, हे कुणी ऐकलेलं नाही, तू विसरून जा. ती म्हणाली, "आपणहून सांगूचंय नाय. पण इचारल्यानी तर सांगतलंय." त्यावर मी तिला मूर्ख म्हटलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. मीना पकडल्या दिवसापासून तुरुंगातच. बॅग देणारा माणूस काही सापडला नाही. तो कधी सापडतो का? दुसरा पंच, कोपऱ्यावरचा पानवाला, कोर्टात "आठवत नाही" एवढंच म्हणून मोकळा झाला. इमारतीतले लोक शालनताईला समजावायचे, कशाला शहाणपणा करतेस, ही माणसं फार वाईट असतात. ती म्हणायची, वाईट माणसं बॅग देऊन पळाली, आत बसली आसा ती पोरगी. तारखा पडत राहिल्या. दर तारखेला ती इस्त्रीची साडी नेसून वसईच्या कोर्टात जायची, दिवसभर बाकावर बसायची आणि "आज झालं नाही" असं ऐकून परत यायची. मी कधी कधी सोबत असे. एकदाही ती कुरकुरली नाही, आणि मी मात्र तिच्या वाटची सगळी कुरकुर करून घेतली.

तिची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. तिने सीलबंद पाकिटातली पंचांच्या सह्यांची चिठ्ठी बघून स्वतःची सही ओळखली, पुड्या ओळखल्या, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग आरोपीचे वकील उठले. तरुण, हुशार माणूस. त्यांनी ते शिलाईचं वाक्य बरोबर पकडलं. शिलाई कारखान्यातली आहे ना? या बाईने घातलेली नाही ना? शालनताई हो म्हणाली. तिथेच ते खाली बसले असते तर! पण माणसाला हाव सुटते. ते म्हणाले, "म्हणजे आत काय आहे हे माझ्या अशिलाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. बरोबर ना, ताई?" शालनताईने मान वळवली. पिंजऱ्यात मीना तिच्याकडे बघत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हण, एकदा हो म्हण आणि घरी चल... न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या." तिने पदर सावरला. "नाही साहेब. तिला ठाऊक होतं. मी उसवत होते तेव्हा ती म्हणाली, ताई, सांभाळून, पुडी फुटेल, डोळ्यांत जाईल." वकिलांचा चेहरा पडला. आणि ही थांबली नाही. "ते तिने मला वाचवायला सांगितलं, साहेब. स्वतः अडकत होती तरी सांगितलं. तेही लिहून घ्या." न्यायाधीशांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं.

निकालाला तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती गेली, सोबत मी. दोष सिद्ध झाला असं सांगून न्यायाधीशांनी मीनाला विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे का? मीना म्हणाली, "मुलगी आईकडे आहे. कमीत कमी द्या." न्यायाधीश म्हणाले, साक्षीदाराला सावध केलंत याची नोंद मी घेतली आहे. पण एवढ्या मालाला कायद्यात दहा वर्षांहून कमी शिक्षाच नाही, माझे हात बांधलेले आहेत. दहा वर्षं सक्तमजुरी, आत काढलेली चार वर्षं त्यातच धरून, वर दंड. बाहेर व्हरांड्यात मीनाला नेताना ती आमच्या अगदी जवळून गेली. शालनताईने हात पुढे केला. मीनाने बघितलं, आणि मान फिरवली.

त्यानंतर पंधरा दिवस दुकान बंद होतं. वकील मला भेटले तेव्हा म्हणाले, त्या एका वाक्यावर शिक्षा झालेली नाही, बाकी पुरावा पुरेसा होता. मी हे तिला दहादा सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. "खरा बोल्लंय, ह्याचो माका पश्चात्ताप नाय," ती म्हणायची, "पण त्या पोरीन माझा भला केल्यान आणि मी तेचो पुरावो केलंय." मग तिने मीनाला तुरुंगात पत्रं लिहायला सुरुवात केली. वर्षातून दोन, गणपतीला आणि दिवाळीला. ती सांगायची, मी लिहायचे. पाऊस कसा आहे, तुझी मुलगी कितवीत गेली, तब्येत जप. सहा वर्षांत एकाचंही उत्तर नाही. मी चिडायचे, "ती तुझ्या नावानं बोटं मोडत असेल!" ती म्हणायची, "मोडूंदे. तिचो हक्क आसा." खरं बोलून झाल्यावर माणसं हात झटकतात. ही बाई सहा वर्षं त्या खऱ्याच्या शेजारी बसून राहिली. मी आयुष्यभर पोरांना उत्तर बरोबर आलं की वही मिटायला शिकवलं... हे मला जमलं नसतं.

तिचं तेरावं झालं आणि चार दिवसांनी प्रसाद एक आंतर्देशीय पत्र घेऊन आला. वर तुरुंगाचा शिक्का. त्याला उघडवेना, म्हणून मी उघडलं. अक्षर नवशिकं, ओळी तिरक्या. "ताई, तुमची सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत. रागाने उत्तर दिलं नाही. तुम्ही बोललात ते खरंच होतं. इथे मशीनवर शिवायला शिकले. दिवाळीनंतर सुटेन. मला दुसरीकडे कोणी काम देणार नाही. तुम्ही द्याल का?"

दुकान भाड्याने द्यायचं प्रसादने ठरवलं होतं, मोबाइलवाला बघूनही गेला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. परवा मी उत्तर टाकलं. पहिल्यांदाच मला सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चार ओळींना अख्खी दुपार गेली. "मीना, ताई गेल्या. तुझं पत्र त्यांना मिळालं नाही, सतरा दिवस उशीर झाला. मशीन चालू आहे, तेल मी घालते. सुटलीस की मुलीला घे आणि सरळ फुलपाड्याला ये. रिक्षावाल्याला शालनताईंचं दुकान म्हण, पाटी तीच ठेवलीय."